आधी पडायची जागा ठरवा, सामान नंतर

मुलांच्या खेळायच्या खोलीसाठी काढलेली तुमची यादी वाचली. चढायचा लाकडी त्रिकोण, घसरगुंडी, बॉल पूल, छोटं ट्रॅम्पोलिन, छताला झोका, आणि खोली दहा बाय अकरा फुटांची. मुलं दीड आणि चार वर्षांची. प्रश्न असा की मुलांनी हलावं, तोल सुधारावा म्हणून यातलं आधी काय घेऊ. खरं सांगू का, पहिले दोन आठवडे काहीच घेऊ नका. एवढं सगळं त्या खोलीत कोंबलंत तर मुलांना पडायला जागाच उरणार नाही, आणि पडायला जागा नसेल तर पोरं तोल शिकणार कुठे?

गंमत करत नाहीये. अमेरिकेत कॅरन अडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं रेकॉर्ड करून पावलं मोजली होती. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी एक धपकन! हे वाचल्यापासून मी कुठलीही खेळाची खोली बघितली की आधी हेच बघतो, की मूल इथून पडलं तर डोकं नक्की कशावर जाणार.

माझी दोन पोरं आता सात आणि अकराची आहेत आणि त्यांची खोली मी आत्तापर्यंत चार वेळा उलटीपालटी केलीये. पहिल्यांदा मी पण तुमच्यासारखीच यादी काढून त्रिकोण आणला, मुलगी तीन आठवडे हौसेने चढली आणि मग चार महिने त्याच्यावर आमचे टॉवेल वाळत होते. कारण काय, तर मी तो नीटनेटका दिसावा म्हणून कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला होता, एकाच बाजूने चढायचं, वर पोचलं की समोर भिंत, आता करायचं काय? नंतर तो खोलीच्या मधे ओढला, दोन्ही बाजू मोकळ्या, खाली गादी, आणि त्या टॉवेल स्टँडमध्ये परत जीव आला. वस्तू तीच होती, जागा बदलली.

तोलाचं थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की खोली आपोआप सुचते. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो, डोळे, आतला कान, आणि स्नायू-सांधे-तळपाय. आतल्या कानात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं वळलं की तो द्रव जरा मागे राहतो आणि त्यावरून वळणं कळतं. गिरकी घेऊन थांबल्यावर तो द्रव अजून फिरतच असतो, म्हणून गरगरतं. तर खोलीत तिघांनाही काम मिळायला हवं. डोकं खाली-वर होईल, आडवं होईल, फिरेल असं काहीतरी (लोळणं, कोलांट्या, झोका), पायाला वेगवेगळं काहीतरी लागेल असं, आणि ढकलणं, ओढणं, लटकणं. शेवटचं सगळे विसरतात. पुस्तकं भरलेलं खोकं खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला ढकलत नेणं हा दीड वर्षाच्या मुलासाठी भारी व्यायाम आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

आता जमीन. किमान अर्धी खोली पूर्ण रिकामी ठेवा, आणि ती दरवाज्यासमोरची अर्धी, कारण पोरं खोलीत चालत येत नाहीत, पळत येतात. सगळीकडे मऊ मऊ अंथरायचा मोह होतो, तो टाळा. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलाला पाय कुठे टेकला ते नीट कळायला घट्ट जमीन लागते. फोमच्या कोड्यासारख्या जोडायच्या चटया गुडघ्यांसाठी ठीक आहेत, पण एक-दीड सेंटीमीटरच्या त्या तुकड्यावर भरवसा ठेवून वरून उडी मारू देऊ नका, त्या उंचीसाठी जाड गादीच हवी. आणि दोन गाद्या शेजारी टाकल्या की मधे फट पडते, पाऊल बरोब्बर तिथेच जातं आणि घोटा मुरगळतो, म्हणून त्या खालून पट्ट्यांनी बांधून टाका. खोलीत अनवाणीच, कारण गुळगुळीत फरशीवर मोजे म्हणजे स्केटिंग!

उंचीचं. दीड वर्षाच्या मुलासाठी दहा-पंधरा सेंटीमीटरची एक भक्कम पायरी किंवा पालथं घातलेलं खोकं पुरे. पुरे म्हणजे महिनाभर पुरे. माझा धाकटा अशाच एका खोक्यावर चढून कडेला आला की दोन्ही पायांची बोटं कडेवर वाकवायचा, खाली बघायचा, माझ्याकडे बघायचा, मग बसायचा, पोटावर वळायचा आणि एक पाय मागे सोडून हवेतच जमीन शोधत राहायचा, जमीन दोन इंच खाली असायची पण पायाला ते माहीत नसायचं. मी तेव्हा हात पुढे केला असता तर त्याने तो पकडला असता आणि शोधणं तिथेच थांबलं असतं. साताठ दिवसांनी तो पाय न शोधता थेट टेकायला लागला.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. रांगताना पलंगाची कड ओळखून थांबणारं मूल चालायला लागलं की त्याच कडेवरून सरळ पुढे पाय टाकतं. त्याला ते सगळं उभं राहून नव्याने शिकावं लागतं. म्हणून "याला कळतं हो कड" हे मूल रांगत होतं तेव्हाचं मत चालायला लागल्यावर रद्द समजायचं आणि खोली परत एकदा तपासायची.

त्या त्रिकोणाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या एम्मी पिकलर या हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांचं साधं म्हणणं होतं की मूल स्वतःहून ज्या स्थितीत जाऊ शकत नाही तिथे त्याला आपण नेऊन ठेवायचं नाही. आमच्याकडे हा एकच नियम कडक होता. उचलून वर बसवायचं नाही. जो स्वतः चढतो त्याला बऱ्याचदा उतरायचं पण सुचतं, उचलून ठेवलेला वर अडकून रडतो.

चार वर्षांच्या मुलासाठी तोलाची पट्टी हवीच असेल तर आधी जमिनीवर चिकटपट्टीची रेघ ओढा, सरळ एक आणि नागमोडी एक. ती कंटाळवाणी झाली की वीसेक सेंटीमीटर रुंदीची फळी जमिनीवर, मग तीच फळी दोन्ही टोकांना न हलणारा आधार देऊन पाचेक सेंटीमीटर वर, मग अरुंद. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेतली पट्टी १० सेंटीमीटर रुंद असते, आपल्याला तिथवर जायची घाई नाही. उंची वाढवण्याआधी काम वाढवा, हातात भरलेला ग्लास घेऊन चालणं, उलटं चालणं, मधे वाकून खेळणं उचलणं, एका पायावर थांबणं. तीन वर्षांचं मूल एका पायावर जेमतेम क्षणभर उभं राहतं, पाचच्या आसपास दहा सेकंदांपर्यंत जातं, तर तुमच्या मोठ्याचं चारेक सेकंदांत डुगडुगायला लागलं म्हणून काळजी करू नका. नजर पायाकडे नको, समोरच्या भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला एक चित्र चिकटवा, फरक लगेच दिसतो.

ट्रॅम्पोलिन यादीतून काढाच. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना घरच्या ट्रॅम्पोलिनला नकोच म्हणते. जास्तीत जास्त दुखापती एका वेळी एकापेक्षा जास्त मुलं उड्या मारताना होतात आणि त्यात सगळ्यात लहानाला सगळ्यात जास्त लागतं. दीड आणि चार वर्षांच्या भावंडांत "एका वेळी एकच" हा नियम तुम्ही कसा पाळणार ते मला सांगा. त्याऐवजी एका कोपऱ्यात जाड गादी आणि तिच्यासमोर एक बुटकं स्टूल, तो उडीचा कोपरा. नियम एकच, गादीवर कोणी नाही हे बघून मोठ्याने "रिकामी!" ओरडायचं आणि मगच उडी. बॉल पूल तुमची मर्जी, चार दिवस मजा आणि मग वर्षभर सोफ्याखालून चेंडू काढणे. आणि घरात चाकांचा वॉकर असेल तर तो काढून टाका, धाकटं त्याच्यातून बाहेर पडलं असलं तरी पुढच्या कोणाला देऊ नका, कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे.

आता जे मला उशिरा कळलं ते. धाकटा दोन वर्षांचा असताना त्याने कपाटाचे खालचे तीन ड्रॉवर ओढून त्याची शिडी केली, कपाट पुढे झुकलं, बायको दोन पावलांवर होती म्हणून निभावलं. तोपर्यंत आम्ही त्याला चढायला शिकवण्यात मग्न आणि कपाट भिंतीला बांधायचं राहिलेलं. चढणाऱ्या मुलाला सगळंच शिडी दिसतं. म्हणून चढायची पहिली वस्तू घरात यायच्या आधी त्या खोलीतलंच नाही तर घरातलं प्रत्येक उंच कपाट आणि टीव्ही भिंतीला पक्का करा. खिडकीच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या कापा किंवा हाताला लागणार नाहीत इतक्या वर बांधा. शिडीच्या किंवा त्रिकोणाच्या दांड्यांमधली फट मोजा, ९ सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा २३ पेक्षा जास्त हवी, कारण मधल्या मापात अंग पायाकडून आरपार जातं आणि डोकं अडकतं.

दोन वयांसाठी खोलीत कुंपण घालू नका, वेळ वाटून द्या. धाकटं झोपलं की मोठ्याच्या उड्या आणि फळी, दोघं जागे असताना ढकलणं, लोळणं, उशांचा डोंगर, बोगदा (दोन खुर्च्या आणि एक चादर).

आणि सगळं एकदम मांडून ठेवू नका. २०१८ मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता, १८ ते ३० महिन्यांच्या मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६, चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्याकडे तीन वस्तू बाहेर, बाकी पलंगाखाली, आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल. फळी तीच असते, पण आज ती पूल, पुढच्या वेळी एक टोक खोक्यावर ठेवलं की चढण.

फक्त या खोलीवर सगळा भार टाकू नका मात्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी, आणि तीन-चार वर्षांच्यांची त्यातली ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी. दहा बाय अकरात दम लागेपर्यंत पळता येत नाही, त्याला बाहेरच जावं लागतं. आणि मूल सतत एकाच बाजूला पडत असेल, जमत असलेलं अचानक जमेनासं झालं असेल, किंवा १८ महिने उलटून आधाराशिवाय चालत नसेल तर फळ्या-बिळ्या सोडा, आधी डॉक्टरांना दाखवा.

राहिला झोका. यादीतली ही एकच गोष्ट मी पैसे देऊन घेईन, पण हुक अडकवायच्या आधी वर काय आहे ते बघा. फॉल्स सीलिंगला कधीच नाही, खरा स्लॅब किंवा तुळई हवी, आणि झुलताना हुकावर नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त भार येतो, म्हणून तो जाणकार माणसाकडूनच बसवा. पुढे-मागे झोका जाईल त्याच्याहून मोठी जागा रिकामी लागेल, म्हणजे तुमच्या खोलीत झोका आणि घसरगुंडी यातलं एकच बसेल. छताचा एक फोटो टाका आणि दरवाजा कुठल्या भिंतीला आहे, कुठल्या बाजूला उघडतो ते सांगा, मग झोका कुठे टांगायचा ते बघू.