ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते आणि पुढे व्रण पडतात, ते नेमके कशामुळे?

मूळ कारण म्हणजे या धुळीतला तंतू लांब असतो आणि विरघळत नाही, त्यामुळे फुप्फुसातल्या सफाई पेशींना तो गिळताही येत नाही आणि हटवताही येत नाही. मॅक्रोफेज ही सफाई पेशी साधारण 15 ते 20 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्याहून लांब तंतू आला की अर्धा आत, अर्धा बाहेर. जंतू मारायला राखलेली दाहक रसायनं मग त्या उघड्या तोंडातून आजूबाजूला सांडतात, तंतूतलं लोह त्यात भर घालतं आणि आयएल-1 बीटासारखे संदेश सुटून आणखी पेशी धावून येतात. ही झाली सूज. पेशी मरते, तंतू तसाच उरतो, पुढची पेशी पुन्हा त्याच्याशी झुंजते. दरम्यान टीजीएफ-बीटा या दुसऱ्या संदेशाच्या सांगण्यावरून फायब्रोब्लास्ट या डागडुजी करणाऱ्या पेशी कोलॅजन, म्हणजे व्रणाचे चिवट धागे, टाकत राहतात; वायुकोशांच्या पातळ भिंती जाड आणि ताठ होतात, बहुधा फुप्फुसाच्या खालच्या भागापासून. म्हणूनच धुळीशी संबंध संपला तरी व्रण वाढू शकतात, आणि धाप लागेपर्यंत बऱ्याचदा 20-30 वर्षं जातात. (त्यामुळे आज एक्स-रे स्वच्छ आला, यावर फारसं विसंबू नका.)

एक फरक लक्षात ठेवा: हे व्रण, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, सहसा वर्षानुवर्षं भरपूर धूळ घेतलेल्यांना होतात, एखादा पत्रा एकदा फुटल्याने नाही. मेसोथेलिओमा या कर्करोगाला मात्र हा दिलासा लागू नाही, तो त्यामानाने कमी संपर्कानंतरही झालेला दिसतो.