रिकव्हरी एजंटने माझ्या कर्जाचं स्टेटमेंट सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, काय करता येईल?

पहिले स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि तारीख दिसेल असे, कारण तो मेसेज डिलीट झाला की मग बोंबलत बसाल. हप्ते थकलेत म्हणून चारचौघात अब्रू काढायचा हक्क एजंटला मिळत नाही, आरबीआयचे नियमच आहेत तसे. बँकेला लेखी तक्रार द्या (फोनवर बोलून काही होत नाही), ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) ऑनलाइन जा, फी नाही. शिवाय आयटी ॲक्टचं कलम ७२ए आहे (करारानुसार काम करताना मिळालेली खासगी माहिती संमतीशिवाय उघड करणं), ३ वर्षांपर्यंत कैद, सायबर पोलिसांकडे तक्रार देताना ते लिहा. पण हेच एखाद्या नातेवाइकाने केलं असतं तर तसा करार नसल्याने ७२ए लावणं अवघड, तिथे वकिलाची नोटीस बरी.