आजीला वर्तुळं दाखवलीस ते बरंच झालं

पोरी,

पत्र पोचलं. निसर्गाशी माणसाचं नातं किती जवळचं, हे मोजायच्या तुझ्या प्रश्नावलीतली ती चित्रं: 'मी' आणि 'निसर्ग' अशी दोन वर्तुळं. पहिल्या जोडीत वेगळी, शेवटच्या सातव्या जोडीत एकमेकांत पार शिरलेली. आजीनं त्यातली एक निवडायची होती, तर ती म्हणाली, "यात फॉरेस्टवाले कुठं आहेत?" आणि हे उत्तर कुठल्या रकान्यात बसवायचं म्हणून तू रडकुंडीला आलीस. अगं, प्रबंधाच्या पहिल्या पानावर घे ते!

तुला आधीही सांगितलंय, पुन्हा सांगतो. आधी हक्क, मग नातं.

मोहाचं बघ. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं गळतात. त्याआधी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची. कुठलं झाड कुठल्या घरचं, हे गावाला तोंडपाठ असतं. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगल आखलं आणि तिथं परवानगीशिवाय फूल उचलणंही गुन्हा ठरलं. इंग्रज गेले, कायद्याची चौकट राहिली. जमीनदारी मोडल्यावर आणखी रान तिच्या पोटात गेलं. आपल्याच रानात गार्डाची चाहूल घेत दबकत चालणाऱ्या बापाची पोरं त्या रानाकडे कशी बघणार? वर शहरातून कुणीतरी येऊन विचारणार, निसर्गाशी नातं का तुटलं. चीड येते मला.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे गावानं मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना, कारण १९२७च्या वन कायद्यात २०१७पर्यंत बांबू म्हणजे झाड होतं. (आहे गवत.) २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे गाडी हलली. किती तोडायचा, किती राखायचा, याचा विचार तोडायचा अधिकार असलेलाच करतो. आधी हक्क!

लोक म्हणतात, मी गाणी, पेन (गोंडांचे देव), गोत्रं सोडून नकाशे आणि वनहक्काच्या दाव्यांच्या फायलींत आयुष्य घातलं. घातलं खरं. म्हातारी माणसं गेली, त्यांची गाणी माझ्यापाशी नाहीत, हे सलतं. पण टिपली असती, तरी ती ज्या डोंगरावर म्हणायची तिथं जायला चिठ्ठी लागलीच असती ना?

तू तेंदूच्या हंगामात ये. प्रश्नावली आण हवी तर, पण आधी ग्रामसभेत वाचून दाखव. नको म्हणाले तर घडी घालून परत ने. सगळ्यांचं एकमत व्हायला चार बैठका लागल्या तर लागू देत; तुझ्या सरांची मुदत ही गावाची अडचण नाही.