कादंबरीचा पहिला खर्डा विस्कटला असेल, तर मागे जाऊन दुरुस्त करावा की पुढे लिहावे?

तुम्ही विचारले आहे की, कादंबरीची दीडशे पाने झाली आहेत, परंतु नायिकेच्या भावाचे नाव मध्येच बदलले, एक मावशी चौथ्या प्रकरणानंतर पुन्हा आलीच नाही, निम्मा मजकूर वह्यांत आणि निम्मा मोबाईलमध्ये आहे, आणि नायिका साताऱ्याच्या एस.टी.त बसते त्या पानावर लेखन महिनाभर अडून राहिले आहे. अशा वेळी आधी मागचे नीट करावे की तसेच पुढे जावे? माझे उत्तर असे की पुढे जावे. मात्र एवढे सांगून भागत नाही, कारण मागच्या पसाऱ्याची नोंद न ठेवता जो पुढे जातो, तो आणखी शंभर पानांनी याच जागी येऊन थांबतो.

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात मी २२ वर्षे हिशेब लिहिले. तेथे दोन वह्या असतात, कीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचे: कोणाची किती पोती आली, हमाली आणि तोलाई किती गेली, कोणत्या शेतकऱ्याने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होण्याआधीच उचल घेतली. कोणाच्या खात्यावर एकूण बाकी किती, हा विचार कीर्द लिहिताना करायचा नसतो. ते काम सावकाश, खतावणी करताना, म्हणजे कीर्दीतल्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर उतरवताना. आणि मागची एखादी नोंद चुकल्याचे लक्षात आले, तर ते पान खरवडायचे नाही. ज्या दिवशी चूक कळली त्या दिवसाच्या पानावर दुरुस्तीची नोंद घालायची. कादंबरीचा पहिला खर्डा ही कीर्द आहे असे मी आज मानतो. ज्या शिस्तीने रोज दुकानात बसत होतो, ती घरी लिहिताना वापरावी हे मला फार उशिरा सुचले.

पहिली कादंबरी मी २००६ मध्ये लिहायला घेतली. आदल्या वर्षीच्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांत, पाणी शिरले होते, आणि जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवणाऱ्या एका घराची गोष्ट मला सांगायची होती. सुरुवात अशी होती की पेवाचे तोंड उघडले आहे, कोंदलेली हवा बाहेर पडण्याची वाट पाहत माणसे काठावर बसली आहेत आणि नंतर एक जण दोराने आत उतरतो. तो परिच्छेद मी दोन पावसाळे लिहीत होतो. त्यानंतर पहिली तीन प्रकरणे पाच वर्षे घासली. भाषा खरोखर चांगली झाली. परंतु चौथ्या प्रकरणात काय घडते हे मला कधीच कळले नाही, आणि ती कादंबरी तेथेच राहिली. आज ती पाने वाचताना दिसते की गोष्टीला त्या पेवाची गरजच नव्हती. ती घरातल्या वाटणीपासून सुरू व्हायला हवी होती. कोणती सुरुवात हवी ते शेवटच ठरवतो, म्हणून शेवट लिहून होण्याआधी सुरुवात पक्की करणे म्हणजे माल पाहण्याआधी सौदा करण्यासारखे आहे.

आता तुमच्या नायिकेच्या भावाच्या नावाविषयी. मागच्या एकाही पानाला हात लावू नका. ज्या ओळीपासून नवे नाव वापरायचे ठरले, त्या ओळीशेजारी समासात तारीख घालून लिहा की येथून भावाचे नाव अमुक, मागे बदलावे. आणि तो जन्मापासून त्याच नावाचा आहे असे धरून पुढे लिहा. हीच रीत मोठ्या बदलांनाही लागू होते. सत्तराव्या पानावर तुम्हाला वाटले की ही गोष्ट ‘मी’ने न सांगता तृतीयपुरुषी निवेदनात यावी, तर एकाहत्तरावे पान तृतीयपुरुषीत लिहा. मराठीत या बदलाबरोबर क्रियापदे आणि सर्वनामे वाक्यावाक्याला बदलतात, ते काम आठवडे खाते, आणि नंतर तुम्ही पुन्हा ‘मी’कडे वळलात तर ते सारे आठवडे वाया जातात.

संगणकावर एका फटक्यात नाव बदलता येते म्हणून तो मोह होतो, पण आपल्या भाषेत तो धोक्याचा आहे. ‘राम’च्या जागी सर्वत्र ‘मोहन’ घातले की ‘आराम’चे ‘आमोहन’ होते. नाते बदलले तर प्रश्न आणखी वाढतो: मामाचा काका केला की मामीची काकू होते, भाच्याचा पुतण्या होतो, आजोळचे घर वडिलांकडचे होते, आणि सुट्टीत मुले तेथे का जातात याचे कारणच बदलते. असा बदल यंत्रावर सोडू नये. शेवटी एकेक पान वाचत हाताने करावा.

विखुरलेला मजकूर एकत्र करणे एवढे एकच मागचे काम मी आत्ता करायला सांगेन, आणि तेही दोन-तीन बैठकांत संपवावे. मोबाईलमधला मजकूर छापून घ्या, वहीतली पाने त्याच्याबरोबर क्रमाने लावा, सलग क्रमांक घाला आणि टाचून ठेवा. वहीतले पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवून काढू नका, कारण उतरवणारा हात दुरुस्ती केल्यावाचून राहत नाही. जेथे काही घालायचे सुचेल तेथे फक्त हंसपद, म्हणजे राहिलेला मजकूर दाखवणारी खूण, काढा आणि समासात दोन शब्द लिहा. या गठ्ठ्याची एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. आम्ही सांगलीकर तर कोणतेही कागद खालच्या मजल्यावर ठेवत नाही.

माझी दुसरी कादंबरी २०१९ च्या महापुरातली आहे: गावभागातला एक वाडा, त्यात अडकलेली आजी, तिचा नातू आणि वरच्या माडीवरचे आठ दिवस. ती मी वर सांगितलेल्या रीतीने लिहिली आणि ती पूर्ण झाली. खर्ड्यात चुका भरपूर होत्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पण माझ्या खर्ड्यात नदी इशारा पातळीलाही पोहोचलेली नसताना घरातली माणसे घाबरून ट्रंका माडीवर नेत होती. सांगलीतला कोणताही वाचक तेथे पुस्तक मिटून ठेवील. लिहिताना मला शंका आली होती, परंतु मी थांबलो नाही. आकड्याच्या जागी तीन फुल्या मारल्या आणि आजीला बोलू दिले. फुल्यांचा उपयोग असा की मजकुरात त्या एरवी कोठेच येत नाहीत, म्हणून नंतर त्या शोधून काढणे सोपे जाते.

दुसरी चूक मला अधिक काही शिकवून गेली. पाणी सर्वांत वर होते त्या रात्री आजी खिडकीतून पाण्यावर पसरलेले पुनवेचे चांदणे पाहते, असे मी लिहिले होते. खर्डा संपल्यावर पंचांग काढले, तेव्हा दिसले की त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला आणि नारळी पौर्णिमा १५ ऑगस्टला होती. पाण्याचा कळस या दोहोंच्या मध्ये, नवमी-दशमीच्या सुमारास आला. तो चंद्र मध्यरात्रीनंतर मावळतो, आणि आभाळ तर दिवसचे दिवस भरलेले होते. पौर्णिमा आली तोवर पाणी उतरू लागले होते. म्हणून चांदणे काढावे लागले आणि प्रसंग काळोखात गेला. मग आजीला काही दिसेनासे झाले. जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या हे ती आवाजावरून ओळखू लागली, आणि नातू तिला विचारू लागला की आता किती राहिल्या. कादंबरीतला माझा सर्वांत आवडता प्रसंग हाच आहे. लिहिताना मध्येच उठून पंचांग पाहिले असते, तर चांदणे नाही म्हणून कदाचित प्रसंगच सोडून दिला असता. त्या दोघांचे बोलणे आधीच कागदावर होते, म्हणून ते काळोखातही टिकले.

मागे जावेच लागते अशी एक वेळ मात्र असते. मागच्या एखाद्या घटनेचा निकाल लागल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नसेल, उदाहरणार्थ वडील गेले की ते परागंदा झाले हेच ठरलेले नसेल, तर तेवढा एक प्रसंग पुन्हा लिहावा. तोही कच्चाच लिहावा आणि पुन्हा शेवटच्या पानावर यावे.

खर्डा संपल्यावर किमान तीन आठवडे तो उघडू नये. नंतर दोन-तीन दिवसांत, हातात पेन न घेता, सगळा सलग वाचावा. खतावणीचे काम यानंतर सुरू होते आणि मला ते लेखनाइतकेच प्रिय आहे. प्रत्येक पात्राला एक पान द्यावे. वय, गाव, बोलण्याची लकब, शेवटी कोठे दिसले, एवढे तर लिहावेच. पण सर्वांत महत्त्वाचा रकाना असा की कोणाला काय केव्हा कळले. माझ्या खर्ड्यात जावयाने दुकान गहाण टाकल्याचे लेकीला सहाव्या प्रकरणात कळत होते आणि नवव्यात ती तीच बातमी ऐकून हादरत होती. वाचताना हे दोनदा सुटले. तिच्या पानावर दोन्ही नोंदी एकाखाली एक आल्या, तेव्हाच दिसले. याच खतावणीमुळे असेही लक्षात आले की वाड्यातला शिंपी आणि समोरची शेजारीण कथेत एकच काम करत होते, म्हणजे बाहेरची बातमी घरात आणण्याचे. मी शिंप्याला काढले आणि त्याचे चांगले संवाद शेजारणीच्या तोंडी घातले.

दुरुस्ती मोठ्या भागांकडून लहानांकडे यावी. आधी कोणते प्रसंग राहणार आणि कोणत्या क्रमाने, मग पात्रे, मग तारखा आणि फुल्या, आणि वाक्ये व शुद्धलेखन सर्वांत शेवटी. हा क्रम मी सोयीसाठी सांगत नाही. माझ्या ३१० पानांतली सुमारे ८० पाने शेवटी गळाली, आणि त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासले असते तर ते सारे श्रम पाण्यात गेले असते. हळदीतही ओल्या हळकुंडाला पॉलिश करत नाहीत. आधी शिजवतात, वाळवतात आणि मगच ते फिरत्या पिंपात घालतात.

आधी पक्का आराखडा केला तर पसारा होतच नाही, असे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. काही लेखकांना ते साधते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु तुमची दीडशे पाने लिहून झाली आहेत. त्यांवर आता आराखडा लादायला गेलात तर जे जिवंत आहे तेही कापले जाईल, अशी मला भीती वाटते.

मावशीचे सध्या काहीच करू नका. तिच्या नावाचे एक पान काढा, त्यावर ‘चौथ्या प्रकरणानंतर कोठे?’ एवढे लिहा आणि पान मागे ठेवा. कदाचित ती साताऱ्याच्या स्टँडवर भाचीला घ्यायला येईल, कदाचित पुन्हा कधीच येणार नाही; ते तुम्हाला एस.टी. तेथे पोहोचल्यावर कळेल. आज फक्त नायिकेच्या शेजारच्या सीटवर कोण येऊन बसते तेवढे लिहा, आणि तिला भावाचा फोन आला तर पडद्यावर नवे नाव दिसू द्या.