वाहतूक बेटाभोवती आधी जाण्याचा हक्क कोणाचा, आणि सिग्नलशिवाय असा चौक चालतो कसा?

वर्तुळात आधीपासून असलेल्या वाहनाचा. बाहेरून येणाऱ्याने वेग कमी करून, पुरेशी फट मिळाली तरच आत शिरायचे. जिथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात तिथे उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, इतरत्र नेमके उलट.

हा नियम किरकोळ वाटला तरी सारी व्यवस्था त्यावरच उभी आहे. पूर्वी अनेक ठिकाणी आत शिरणाऱ्याला प्राधान्य मिळे, त्यामुळे आतली वाहने अडकून पडत आणि गर्दीच्या वेळी अख्खा चौक ठप्प होई. ब्रिटनने १९६६ मध्ये आतल्या वाहनांना प्राधान्य देण्याचा नियम देशभर लागू केला आणि ही कोंडी फुटली.

मला मात्र सुरक्षिततेचा मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी परस्परांना छेदतात, मिळतात किंवा वेगळे होतात. एकपदरी वर्तुळात अशी ठिकाणे केवळ ८ उरतात, आणि समोरासमोरची किंवा काटकोनातली भीषण धडक जवळजवळ अशक्य होते. एकाच रस्त्यावरून अखंड रांग येत असेल, तर मात्र पुढच्या रस्त्यावरच्यांना फटच मिळत नाही. तिथे सिग्नल लागतोच.