मुलीच्या पहिल्या खो-खो स्पर्धेआधी

लेकीला खो-खोला घातलंत, छान केलंत. पण पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सामना असेल तेव्हा रेषेबाहेरून ओरडू नका. बसलेले आठ जण एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून असतात. मागून येणारा ‘खो’ पाठीवरच्या थापेनं आणि कानानं टिपायचा, त्यात आपला आवाज कशाला? मी ओरडायचो. एकदा माझा मुलगा माझ्या आवाजानं दचकला आणि खो मिळायच्या आधीच उठला. फाउल! परतताना स्कूटरवर मी त्याला सामना समजावतोय, मागे हा गप्प. हल्ली एवढंच विचारतो, ‘भूक लागली का रे?’ चुका सरांवर सोडा. सरांशी बोलायचं तर सराव संपल्यावर, बाजूला घेऊन. गुडघा दुखतोय म्हणाली तर मात्र त्याच दिवशी सांगा.