पंगत उठू दे

सांगली,
रविवार

प्रिय पोरी,

परवा मिरजेच्या ओपीडीतल्या बाकावर तू म्हणालीस, "काकू, सगळ्या जेवून उठल्या की मग मी मेसमध्ये जाते. जेवताना दम लागतो, पोरी बघतात." तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि बोलणं राहून गेलं. तेच आज लिहिते.

तुझा आजार क्षयानंतर राहिलेला, ब्रॉन्किएक्टॅसिसचा, म्हणजे श्वासनळ्या सैल रुंद होऊन त्यात कफ साचतो तो. माझा सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागतो तो. मी जन्मात बिडीला हात लावला नाही, पण तासगावकडच्या माहेरी तुरकाट्यांच्या आणि शेणींच्या चुलीपुढं वीस वर्षं फुंकणी फुंकली. आजार निराळे असले तरी ताटापुढं आपली दोघींची गत एकच.

आधी हे कळून घे, की जेवणं हे आपल्यासाठी जिना चढण्याइतकंच काम आहे. गळ्यावर दोन बोटं ठेव आणि घोटभर पाणी पी. गिळताना श्वास क्षणभर थांबतो की नाही? धडधाकट माणूस घास उतरल्यावर बहुतेक वेळा श्वास सोडतो. आपण दमलेलो असलो की लगेच आत ओढतो, आणि एखादं शीत भलत्या वाटेला लागतं. शिवाय पोट गच्च भरलं की ते खालून छातीच्या पडद्याला रेटतं. म्हणून अर्ध्या भाकरीतच 'बास' होतं. त्याला आपण भूक मेली म्हणतो.

माझंच सांगते. विट्याला भाच्याचं लग्न होतं. पंगत उठायच्या आत ताट स्वच्छ झालं पाहिजे, ही आमची लहानपणापासूनची शिस्त. वाढपी जिलेबी घेऊन आग्रहाला उभा, आणि मी मसालेभाताचे घास भराभर कोंबतेय. ठसका असा लागला की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. कुणी पाठीत धपाटे घालतंय, कुणी तांब्या तोंडाला लावतंय. (ठसक्यात पाणी पाजू नये, खोकू द्यावं. पण मांडवात कोण ऐकतो!) त्यानंतर वर्षभर मी लग्नाला जायची, अक्षता टाकायची आणि उपाशी परत यायची. वजन ५१ वरून ४४ वर आलं. त्यातलं निम्मं तरी लाजेनं खाल्लं असेल.

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, मांस झडतं, आणि श्वासाचे स्नायूही त्यातच आले. मग दम आणखी लागतो, जेवण आणखी कमी होतं. तू ४२ किलोची ना? न ठरवता सहा महिन्यांत दोन किलो उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांग. दर रविवारी, एकाच काट्यावर, वजन करून वहीत लिही.

कफ काढायचा व्यायाम जेवणाआधी तासभर उरकत जा. जेवणावर केलास तर उलटी होईल. मग गुळण्या कर, कफाची ती घाण चव तोंडात असली तर श्रीखंडसुद्धा गोड लागत नाही. त्यानंतर पंधरा मिनिटं नुसती बस. स्टेरॉइडचा पंप घेत असलीस तर घेतल्यावर चूळ भरायची, कंटाळा करायचा नाही. जिभेवर पांढरा थर दिसला तर डॉक्टरांपुढं तोंड उघड. मांडी घालून ताटावर वाकलं की पोट दाबतं, म्हणून टेबलाशी ताठ बस. घास घेतला की चमचा खाली ठेव. हातात चमचा असला की हात थांबत नाही, हे मी स्वतःवर पाहिलंय. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवी होऊ नकोस.

मला एकदा आहाराचा छापील कागद मिळाला होता. त्यात ब्रोकोली आणि ऑलिव्हचं तेल! तो देवघरातल्या पोथीत खूण म्हणून ठेवलाय. आपलं आपल्याकडं पुष्कळ आहे. भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग दुधात कुस्कर. ताकातल्या कण्या, खपलीची खीर, तूप घातलेला आसट वरणभात. दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा वाटीवाटीनं खा. आपल्यासारख्यांना किलोमागं सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस. शेंगदाण्याचा लाडू खोलीत डब्यात राहतो, पण तोही दुधात मोडून खा. सांगलीत राहून भडंग खाऊ नको म्हणवत नाही. फक्त कोरडं तोंडात टाकू नकोस, तो भुगा आणि लाल तिखट थेट घशाशी येतं. मी दह्यात कालवते. सूनबाई नाक मुरडते.

दूध-केळ्यानं कफ होतो असं तुला दहा जण सांगतील. माझ्या सासूबाईंनी त्यापायी दोन वर्षं माझं दूध तोडलं होतं. दुधानं लाळ जरा दाट लागते, घशात साय बसल्यासारखं वाटतं, एवढंच. फुप्फुसात कफ तयार होत नाही. वर दोन घोट पाणी पी. कोबी किंवा घेवड्यानं पोट फुगत असेल तर मात्र ते बाजूला ठेव.

जेवताना रोजच ठसका लागायला लागला, घासानंतर आवाज ओला येतो किंवा वरचेवर ताप येतो असं झालं, तर ते अंगावर काढू नकोस. गिळणं तपासता येतं.

क्षयरोग्यांच्या खाण्यासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये औषधं चालू होती तोवर आले, आता बंद झाले, असं तू म्हणत होतीस. योजना उपचारापुरतीच आहे हे खरं. पण फुप्फुसाचं खाणं उपचारानंतरही चालूच राहतं. आईला स्पष्ट सांग, की अंड्यांचे पैसे वेगळे पाठव.

आणि मेसमध्ये सगळ्यांबरोबरच जात जा. उशिरा गेलीस तर गार, वाळलेली पोळी मिळते, आणि तीच गिळायला सगळ्यांत वाईट. त्या उठल्या तरी तू बस. एखादी पोर थांबेल, नाही थांबली तर वाढणाऱ्या मावशी असतातच.

पुढच्या रविवारी माझ्याकडं ये. कण्या करते. मला वाटीभर संपवायला चाळीस मिनिटं लागतात, तेव्हा साडेअकराला बसू. येताना वजनाची वही आण.

तुझी,
बाकावरची काकू